ठोकली कुठं?

"ठोकली कुठं?"

दारात कुणीही आलं की मामाचा पहिला प्रश्न हा. बस म्हणणं नंतर, पाणी नंतर. हातातली कानस बाजूला ठेवायची, चष्मा कपाळावर चढवायचा, समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत बघायचं, आणि मग विचारायचं, "हां, बोल. ठोकली कुठं?"

नवा माणूस गांगरायचा. साहजिक आहे. मामाच्या भाचीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा बिचारा नवरामुलगा पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसलेला, आणि मामाने हाच प्रश्न त्याला टाकला. पोरगा म्हणाला, "मी तसलं काही केलेलं नाही हो." मामा भर बैठकीत म्हणाला, "मग ह्याला पोरगी देऊ नका. येक तर खोटारडा हाय, न्हायतर शेडातून भायेर काढलेलाच न्हाय." लग्न मोडलं. भाची पुढे वर्षभर मामाशी बोलली नाही, आणि नंतर दुसऱ्याशी लग्न करून मामाच्याच पाया पडायला आली.

मामाचं नाव मी सांगणार नाही. ते एका ट्रकच्या खाली लिहिलेलं आहे, ज्याला हवं त्याने वाकून वाचावं. माझा तो सख्खा मामा नव्हे, सगळ्या चौलचा मामा. आणि मी त्याला अरेतुरे करते म्हणून नाकं मुरडू नका. अहोजाहो केलं तर तो म्हणायचा, "का गो, माझ्यावर केस टाकायची हाय?"

जन्मभर ट्रक चालवला. थळच्या कारखान्यातून खताच्या गोणी भरायच्या आणि रायगडभर, कधी पार घाटावर नेऊन टाकायच्या. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, नाहीतर सुनांना छळतात. याला सून नव्हती. याने घरामागच्या नारळीखाली पत्र्याची शेड टाकली आणि ट्रक बनवायला घेतले. हातभर लांबीचे. त्याच्या सोळा गाड्या एकापुढे एक लावल्या की एक खरी गाडी भरायची, हे त्याचं माप, आणि त्यात तो केसाचा फरक चालवून घ्यायचा नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केबिन. जुन्या स्लीपरचं रबर कोरून टायर. सायलेन्सरला दवाखान्यातून मागून आणलेली इंजेक्शनची सुई. ताडपत्री म्हणजे फाटक्या छत्रीचं कापड. मागच्या लाल दिव्यांना माझ्या फुटक्या काकणांची काच. बंपरला मोहरीच्या दाण्याचं लिंबू आणि हिरव्या दोऱ्याच्या मिरच्या. खताची पांढरी धूळ बसलेली दाखवायची तर मामीची तोंडाला लावायची पावडर. मामी शेडच्या दारात येऊन ओरडायची, "आगो बय, मी लग्नाला जाऊ कशी? माझ्या थोबाडाची पावडर ह्याच्या टपावर!"

मामा आतून म्हणायचा, "टपावर जास्त शोभते."

पण याला कुणी खेळणं म्हटलं की संपलं. अलिबागची एक बाई नातवासाठी घ्यायला आली होती. "हे चावीवर चालतं का?" म्हणाली. मामाने तिला चहा पाजला, बिस्किट दिलं आणि गेटाबाहेर नेऊन सोडलं.

आता माझा यात संबंध काय, ते सांगते. चौल नाक्यावर माझं दुकान आहे. नंबरप्लेट, रेडियम, झेरॉक्स. मामाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटी, मागचं "हॉर्न", कपाळावरचं देवाचं नाव, सगळं मी कापून द्यायची. मशीन इतकं बारीक कापत नाही, रेडियम फाटतं. मग ब्लेड घेऊन हाताने कापायचं, तांदळाच्या दाण्याएवढं एकेक अक्षर. माझे डोळे मामाने घालवले आहेत, हे त्याच्या तोंडावर मी शंभरदा सांगितलंय.

आणि त्यातलं खरं काम वेगळंच होतं. मामाचा एक नियम होता. ज्याची गाडी बनवायची त्याने ती कुठे ठोकली होती ते सांगायचं. गाडीवर तो पोचा जसाच्या तसा येणार. आणि गाडीच्या खाली, चेसिसला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे दोन ओळींची पट्टी लागणार. पहिल्या ओळीत जागा. दुसऱ्या ओळीत, स्टेरिंगवर कोण होतं त्याचं नाव.

"कशाला रे मामा?" मी विचारलं होतं. "लोक हौसेने येतात, तू त्यांची पापं लिहितोस."

"बिनठोकलेली गाडी शोरूममध्ये उभी ऱ्हाते," तो म्हणाला. "ती कुनाची नसते. ठोकली की ती तुझी."

त्यामुळे झालं काय, सगळ्या तालुक्याची लफडी माझ्या ब्लेडखालून गेली. सफारी घातलेले एक शेट आले. बारा गाड्यांचे मालक, पहिल्या गाडीची आठवण म्हणून नमुना हवा होता. म्हणाले, "आमची गाडी कधीच ठोकली नाही." मामा म्हणाला, "मग ती गाडी नव्हती, क्यालेंडर व्हतं. क्यालेंडरवाल्याकडं जा." शेट रागारागाने गेले. आठवड्याने आले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला शेडचं दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "सासऱ्याचं तुळशीवृंदावन. रिव्हर्स घेताना. कुत्र्याने पाडलं म्हणून सांगितलं होतं." मी ते तांदळाएवढ्या अक्षरात कापलं, आणि कापताना इतकी हसले की दोनदा रेडियम वाया गेलं.

माझी स्कूटरही त्याने सोडली नव्हती. पुढचं मडगार्ड चेपलेलं. "ठोकली कुठं?" मी म्हटलं, कुत्रं आडवं आलं. तो म्हणाला, "चौलात कुत्री लय बदनाम हायत," आणि कानस चालवायला लागला.

नियमाला अपवाद एकच बघितला. नागावची एक विधवा बाई नवऱ्याच्या गाडीसाठी आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मामाने चार जुन्या ड्रायव्हरांना विचारून पोचा शोधून काढला. पोचा कुठे पडला तेही कळलं, आणि तिचा नवरा त्या गावाला कशासाठी जात होता तेही. मामाने पोचा बनवला. खालची पट्टी मात्र कोरी. मी विचारलं तर म्हणाला, "मेलेला मानूस हो म्हनू शकत न्हाय, न्हाय म्हनू शकत न्हाय. त्याच्यावर लिहायचं न्हाय."

आणि स्वतःची गाडी? ती त्याने कधी बनवलीच नाही. शेडमध्ये कामाच्या टेबलावर, बरोब्बर डोक्यावर, एक शिल्ड टांगलेली होती. लाकडी फळी, त्यावर पितळेचा पत्रा, पत्र्यावर कोरलेलं, "विनाअपघात सेवा". निवृत्त होताना मालकाने सत्कार करून दिलेली. कुणी विचारलं की मामा कानशीने तिकडे दाखवायचा. "माझी ठोकलीच न्हाय. काय बनवनार?"

दुसऱ्याचं क्यालेंडर, आणि याची शिल्ड! पण इतकी वर्षं माझ्याही डोक्यात हा प्रश्न आला नाही. अशी मी हुशार.

आणखी एक विचित्रपणा होता. मामा रेवदंड्याला जात नसे. चौलपासून रेवदंडा असा किती लांब? तिथल्या बाजारात बोंबील जिवंत वाटावा इतका ताजा मिळतो. हा मासळी आणायला अलिबागला जायचा, एसटीने, आणि घरी येईपर्यंत पिशवीतून पाणी गळायचं. मामी त्या मासळीकडे बघून कपाळाला हात लावायची. मला वाटायचं, असेल म्हाताऱ्याचा हट्ट.

मग एक दिवस पनवेलचा एक पोरगा आला. पोरगा म्हणजे चाळिशीचा, पोट सुटलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. मी पट्ट्या द्यायला म्हणून शेडमध्येच होते.

"काका, एकदम रिअल वाटली पाहिजे हं. सेम टू सेम. फादरची पंच्याहत्तरी आहे, सरप्राइज द्यायचंय. ते पण ड्रायव्हर होते." आणि त्याने मोबाइलमध्ये बघून गाडीचा नंबर सांगितला.

मामाच्या हातात पत्रा कापायची कात्री होती. ती अर्धवट उघडी तशीच राहिली.

"फादर कुठं असतात?" मामाने विचारलं.

"रेवदंड्याला."

मामाने कात्री टेबलावर ठेवली. मग सवयीनेच, पण आवाज पार खाली गेलेला, त्याने विचारलं, "ठोकली कुठं?"

"काशीदला, ओढ्याच्या मोरीवर ना. फादरच्याच हातून. जॉब गेला त्यांचा त्यात. पण ते कशाला दाखवायचं, बर्थडेला? सोडा ना ते."

"दाखवावं लागंल," मामा म्हणाला.

पुढच्या आठवड्यापासून मामा माझ्या दुकानात यायला लागला. आधार कार्ड काउंटरवर ठेवायचा. "झेरॉक्स काढ." मी काढायची. मग खिशातून एक चिठ्ठी काढायचा. तिच्यावर लिहिलेलं, "काशीदची मोरी", आणि खाली, "स्टेरिंगवर", पुढे काहीच नाही.

"नाव?"

"उद्या सांगतो."

उद्या पुन्हा आधार कार्ड. त्या महिन्यात याने आधार कार्डाच्या चौदा झेरॉक्स काढल्या. सरकारनेसुद्धा कुणाकडे एवढ्या मागितल्या नसतील. पंधराव्या दिवशी मी मशीनच बंद केलं. म्हटलं, "मामा, काय भानगड आहे ती बोल. नाहीतर जा रेशनच्या रांगेत उभा राहा, तिथे लागतात झेरॉक्सी."

तो स्टुलावर बसला. रस्त्याकडे बघत बोलला, माझ्याकडे नाही.

त्या गाडीवर दोघं ड्रायव्हर होते, हा आणि त्याचा जोडीदार. आळीपाळीने चालवायचे. त्या दिवशी पाळी जोडीदाराची होती, पण त्याला ताप भरला होता. तो सीटमागच्या फळीवर पांघरूण घेऊन पडला आणि स्टेरिंगवर बसला मामा. गोणी भरलेल्या, मुरूडला न्यायच्या. काशीदच्या उतारावर समुद्र दिसतो. मामाने समुद्राकडे बघितलं. जन्मभर बघितलेला समुद्र, त्यात काय बघायचं होतं देव जाणे. गाडी डाव्या अंगाने मोरीच्या कठड्याला लागली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. दहा-बारा गोणी ओढ्यात गेल्या.

मालक कडक होता. जो चालवत होता तो घरी जाणार, हे ठरलेलं. आणि मामाच्या मुलीचा साखरपुडा झालेला, महिन्यावर लग्न. जोडीदाराने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं, मोरी बघितली, गाडी बघितली, आणि म्हणाला, "पाळी माझी व्हती. माझ्या नावावर टाक."

"मी म्हनलं, लगीन झालं की सांगतो मालकाला," मामा म्हणाला. "लगीन झालं. मग म्हनलं, पोरीचं सगळं सुरळीत होऊ दे. मग तिचं बाळंतपन. मग दुसरं. मग शिल्ड दिली गो त्यांनी मला. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. तवा कसं सांगू?"

"आणि जोडीदार?"

"त्यानं रिक्षा चालवली. येकदा अलिबागच्या बाजारात समोरून आला, तर मी दुकानात घुसलो. ते बायकांच्या पोलक्यांचं शिवनकाम व्हतं. अर्धा तास बसलो थितं. शेवटी त्या शिंप्यानं माप घेऊ का विचारलं."

मला हसूही येत होतं आणि त्याचा रागही येत होता. मी म्हटलं, "मामा, त्याने पोराला पण खरं सांगितलेलं नाही. तीस वर्षं घरात स्वतःवर घेऊन बसलाय."

"तेच तर," मामा म्हणाला. "न्हायतर मी कोरी ठेवली असती."

त्याला भीती कशाची वाटत होती ते उघड होतं. पंच्याहत्तरीला अर्धं रेवदंडं येणार, जुने ड्रायव्हर येणार, ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच. मुलीला सासरी कळणार की आपलं लग्न कुणाच्या नोकरीवर झालं. आणि तालुक्याला "ठोकली कुठं" विचारत फिरणारा हा, याची अब्रू नाक्यावर येणार. मी त्याला काही शहाणपण शिकवलं नाही. नुसतं ब्लेड हातात घेऊन बसले.

"लिही," तो म्हणाला. "आडनावासकट."

गाडी तयार झाली ती बघून मी चपापले. डावी बाजू पार चेंदामेंदा. बंपर वळलेला, हेडलाइट लोंबकळतोय, दार आत गेलेलं, काच तडकलेली. मी म्हटलं, "मामा, एवढी? माणसं वाचली कशी मग?"

"येवढीच व्हती," तो म्हणाला, आणि नखाने आणखी एक चीर ओढली.

पंच्याहत्तरीच्या दिवशी मला म्हणाला, तू चल, मला येकट्याला जमायचं न्हाय. मी स्कूटरवर, मागे मामा, मामाच्या मांडीवर थर्मोकोलचा खोका. चौल ते रेवदंडा एवढ्याशा रस्त्यात त्याने मला शंभर वेळा ब्रेक मारायला लावला. "हळू, गो! म्हस! म्हस हाय पुढं!" म्हैस शेतात होती, रस्त्यात नव्हती. मग मीच म्हटलं, "मामा, ते कुत्रं नव्हतं."

"कुठलं कुत्रं?"

"माझ्या मडगार्डाचं. सासूबाईंनी अंगणात बाजेवर पापड वाळत घातले होते. मी बाजेवर स्कूटर घातली. दीडशे पापड. कुत्र्यावर ढकललं, त्या कुत्र्याला तीन दिवस भाकर मिळाली नाही."

मामा खोका छातीशी धरून इतका हसला की एका बाजूला कलंडायला लागला. "सासूला सांग," म्हणाला. मी म्हटलं, "आधी तू सांग, मग मी."

अंगणात मांडव होता. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळणं नुकतंच झालं होतं, ताटातल्या वाती अजून जळत होत्या. जोडीदार खुर्चीत बसलेला. किडकिडीत, पांढरी टोपी, कपाळभर कुंकू. त्याने मामाला बघितलं आणि नुसती मान हलवली. मुलाने वाजतगाजत खोका उघडला. सगळे पुढे सरकले, मोबाइल निघाले, "अरे वा, अरे वा" झालं.

जोडीदाराने गाडी हातात घेतली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर ती उलटी केली. ड्रायव्हर माणूस गाडी खालून बघतो. खाली पट्टी दिसली. चष्मा नव्हता. त्याने गाडी मुलाकडे दिली. "काय लिवलंय, वाच."

मुलाला काय माहीत? त्याने माइक हातात होता तसाच ठेवून वाचलं. "काशीदची मोरी. स्टेरिंगवर..." आणि मामाचं नाव, आडनावासकट, पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

जुने ड्रायव्हर मामाकडे बघायला लागले. मामा खाली मान घालून उभा, हातात थर्मोकोलचं झाकण. मुलगा म्हणाला, "बाबा, हे काय? हे कोण?"

जोडीदाराने गाडी परत घेतली. डावी बाजू डोळ्यांजवळ नेऊन बघितली, अंगठ्याने चाचपली. आणि म्हणाला, "येवढी न्हवती रे ठोकर."

मामाने मान वर केली.

"येवढीशी व्हती. मी खाली उतरून हात ठेवला व्हता तिच्यावर. तळहाताखाली झाकली जात व्हती." त्याने आपला तळहात सगळ्यांना दाखवला. "तू ह्ये काय केलंस? सगळा चुराडा!"

केसाचा फरक न चालवणारा माणूस. तळहाताएवढा पोचा त्याच्या मापात तूरडाळीएवढा यायला हवा होता. आणि याने अर्धी गाडी चेपून ठेवलेली.

"मला तर रोज येवढीच दिसायची," मामा म्हणाला.

मग रडला. सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा, थर्मोकोलच्या झाकणात तोंड घालून. मीही रडले, ते लपवत नाही. जोडीदार उठला, त्याच्या हातातलं झाकण काढून घेतलं आणि म्हणाला, "तवा चालवायला येडा, आता बनवायला बी येडाच. चल जेव. श्रीखंड हाय."

मुलीचं म्हणाल तर तिला मामाने त्याच दिवशी फोन करून सांगितलं. ती चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी नवऱ्याला घेऊन रेवदंड्याला जाऊन आली, जोडीदाराला धोतरजोडी देऊन. मी सासूबाईंना सांगितलं. त्या अजून बोलतात, तेच जास्त वाईट आहे.

गाडी मात्र दुरुस्तीला परत आली. जोडीदार स्वतः घेऊन आला. "चुकीची गाडी मी घरात ठेवनार न्हाय," म्हणाला. आणि मग तो रोजच यायला लागला. दोघं म्हातारे शेडमध्ये समोरासमोर बसायचे. जोडीदाराला पॉलिश पेपर धरता येत नव्हता, पण सल्ले सगळे त्याच्याकडे. "जरा खाली. आता वर. तुला येत न्हाय." "तू तापात व्हतास, तुला काय दिसलं असंल?" "हात ठेवलेला, हात!" एका तूरडाळीएवढ्या पोच्यावर त्यांनी आठ महिने काढले. मामी खूश होती. मासळी आता रेवदंड्याची यायची, जोडीदार येतानाच आणायचा. शिल्ड भिंतीवरून गेली होती. मी विचारलं तर मामा म्हणाला, "लागली कामाला," एवढंच.

त्यांचं एकाच गोष्टीवर वाजायचं. जोडीदार म्हणायचा, "ते खालचं नाव काढ आता. पोरं घरात येतात, उलटी करून वाचतात, विचारतात. झालं ते झालं." मामा म्हणायचा, "नियम म्हंजे नियम." मग दोघं तासभर फुगून बसायचे आणि मामी चहा आणून द्यायची.

मामा गेला तो माघात. दुपारी जेवला, मामीला म्हणाला आमटीत मीठ कमी हाय, आणि आडवा झाला तो उठलाच नाही. मामी अजून रडताना तेच म्हणते, "जाता जाता पन माझ्या आमटीला ठोकून गेला."

तेराव्यानंतर काही दिवसांनी जोडीदार माझ्या दुकानात आला. रिक्षाने, एकटाच, कापडात गुंडाळलेली गाडी घेऊन. काउंटरवर उलटी ठेवली.

"बाय, ही पट्टी काढ."

मी म्हटलं, "मामाने मला मारलं असतं."

"मेलेल्या मानसावर लिहायचं न्हाय, ह्यो त्याचाच नियम हाय. नागावच्या बाईच्या गाडीला कोरी ठेवली व्हती, मला ठाव हाय. मग ह्याची बी कोरी ऱ्हाईल. काढ."

नियमात बसत होतं. काय बोलणार? मी हेअर ड्रायर लावला. रेडियम गरम झालं की सुटतं. नखाने टोक उचललं आणि मामाचं नाव हळूहळू ओढून काढलं, आडनावासकट. खाली पत्रा चमकला. तेलाच्या डब्याचा नव्हे. पितळेचा.

शिल्ड कुठल्या कामाला लागली ते मला तेव्हा कळलं. मालकाचं कोरीव काम आतल्या बाजूला गेलं असणार. वरच्या बाजूला सुईने ओरखडून काहीतरी लिहिलं होतं, मामाचं वाकडंतिकडं अक्षर, मी चौदा झेरॉक्सींच्या काळात त्या चिठ्ठीवर रोज बघितलेलं.

"काय झालं?" जोडीदार म्हणाला. "थांबलीस का?"

"मामाने लिहिलंय."

"काय?"

मी वाचलं. "माहीत होतं काढशील. मीच होतो."

जोडीदाराने बोट पत्र्यावरून फिरवलं, एकदा, दोनदा, मग अक्षर लागलं तिथे बोट थांबलं. "मेल्या," म्हणाला, "मेल्या, अजून ऐकत न्हायस." आणि टोपी काढून टोपीनेच डोळे पुसले. बाहेर कुणीतरी नंबरप्लेटसाठी हॉर्न वाजवत होतं. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

"घासून काढू का?" मी विचारलं.

"नको." त्याने टोपी घातली. "पट्टी लाव परत. तीच. जागा, आनि त्याचं नाव."

मी ब्लेड काढलं, रेडियमचा तुकडा घेतला, चष्मा पुसला.

"आनि बाय," तो म्हणाला, "ह्या वक्ताला मोठ्ठं कर. मला बारीक दिसत न्हाय."

मग मी ब्लेड ठेवून दिलं. मशीन सुरू केलं आणि मशीननेच कापलं. मामाचं नाव पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत आलं.